लीड कोणाची, आणि नाच कोणाचा?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई न्यू जर्सीत लॅटिन बॉलरूमचे नाच बसवतात. त्यांच्याकडे एक हौशी जोडी आहे, दोघंही विशीतली. मुलगी पाच फूट तीन इंच, मुलगा पाच फूट दहा, आणि मराठी घरातला. सरावात सहज म्हणून भूमिका बदलून पाहिल्या, तर मुलीची लीड (पुढचं पाऊल ठरवून जोडीदाराला नेणं) स्वच्छ निघाली आणि मुलाचं फॉलो करणं (त्या इशाऱ्यावर चालणं) फारच सुरेख. म्हणून बाईंनी चा-चा आणि रुंबा उलटे बसवले, पासोडोब्लेमध्ये (पुढे नुसतं पासो) मुलीला मॅटाडोर, म्हणजे बैलाशी झुंजणारा, केलं, आणि वर रुंबात चार वेळा लीडची अदलाबदल घातली. स्पर्धा सात आठवड्यांवर आली आहे. स्टुडिओचे मालक म्हणतात, "मार्क जातील, पोरांचं नुकसान करताय." मुलाचे वडील एकदा सराव बघून गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, "आमच्या पोराला बायकी का करताय?" बाई विचारतात: "ठाम राहू, की गुपचूप जुन्या पद्धतीवर येऊ? मागे फिरले तर आजवर जे बोलत आले ते सगळं पोकळ ठरेल."

तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आजवर जे बोललात ते पोकळ ठरेल, हे तुमच्याबद्दल झालं. पत्रात मालक काय म्हणाले ते आहे, वडील काय म्हणाले ते आहे. पण फ्लोअरवर ज्यांचे पाय आहेत त्या दोघांचं एकही वाक्य नाही. त्याकडे पुढे वळू. आधी मार्कांचं बोलू, कारण तिथे तुमचा आणि मालकांचा, दोघांचाही अंदाज थोडा चुकतोय असं वाटतं.

कागदावर तुमची बाजू भक्कम आहे. नॅशनल डान्स कौन्सिल ऑफ अमेरिकाने सप्टेंबर २०१९ मध्ये जोडीची व्याख्याच बदलली: एक लीडर, एक फॉलोअर, मग ते स्त्री असोत वा पुरुष. त्याआधी पाचच वर्षं, २०१४ मध्ये, ब्रिटिश डान्स कौन्सिलपुढे जोडी म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री असं नियमात घालण्याचा प्रस्ताव आला होता आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. पण तुमची स्पर्धा नेमकी कोणत्या संघटनेच्या नियमांखाली होते ते बघून घ्या. वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशन वेगळी, तिचं नियमपुस्तक वेगळं. मुंबई, पुणे किंवा लंडनमध्ये अशा जोड्या बसवणाऱ्यांनी अमेरिकेतला नियम आपल्यालाही लागू आहे असं धरून चालू नये.

आणखी एक. मुलगी लीडर आहे असं नोंदवणं ही एक गोष्ट, नाचाच्या मधोमध लीड बदलणं ही दुसरी. तुमची जोडी ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशा सिलॅबस गटात उतरणार असेल तर फिगर, म्हणजे नाव असलेले पावलांचे तुकडे, ठरलेल्या असतात आणि त्यावर लक्ष ठेवायला माणूस बसलेला असतो. तिथे अदलाबदल चालेल का, हे आयोजकांना किंवा मुख्य परीक्षकांना आत्ताच दोन ओळींच्या ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून स्पर्धेच्या दिवशी बॅगेत ठेवा. तोंडी "चालेल हो" वर विसंबू नका.

आता परीक्षकाला दिसतं काय ते पाहू. प्राथमिक फेरीत समजा बारा जोड्या एकत्र फ्लोअरवर आहेत आणि संगीत दीड मिनिट वाजतं. सगळ्यांना सारखा वेळ दिला तरी एका जोडीच्या वाट्याला साडेसात सेकंद येतात. रुंबा मिनिटाला साधारण २५ ते २७ आवर्तनं चालतो, म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन सुमारे २.३ सेकंदांचं. साडेसात सेकंदांत परीक्षकाने तुमची जेमतेम सव्वातीन आवर्तनं पाहिली. अख्ख्या नाचात आवर्तनं साधारण ३९. त्यातल्या चार ठिकाणी लीड बदलते हा तुमचा विचार परीक्षकापर्यंत पोचेल याची शक्यता किती? आणि पोचलाच तर कशा रूपात? बहुतेक वेळा हातांची एक लहानशी धांदल म्हणून. परीक्षक ती "चुकलं वाटतं" अशीच वाचतो. त्याने मार्क दिला नाही तर मालक म्हणतील मुलगी लीडर होती म्हणून, तुम्ही म्हणाल पूर्वग्रह म्हणून, आणि खरं कारण असेल की दुसऱ्या मात्रेवर पाऊल उशिरा पडलं.

पूर्वग्रह नसतोच असं मुळीच म्हणणं नाही. पण त्याचं गणितही समजून घ्या. अंतिम फेरीत प्रत्येक परीक्षक जोड्यांना क्रमांक देतो आणि निकाल बहुमताने लागतो. सात परीक्षक असतील तर चारांचं मत ठरतं. एकाने नाक मुरडून शेवटचा क्रमांक दिला तरी त्याने जोडी बुडत नाही. चार जणांना मात्र तुम्ही हातांची धांदल दाखवलीत तर बुडते.

टीव्हीवरच्या उदाहरणांनी इथे फसायला होतं. डेन्मार्कच्या कार्यक्रमात २०१९ मध्ये याकोब फाउअरबी आणि सिलास होल्स्ट ही दोन पुरुषांची जोडी जिंकली; ब्रिटनमध्ये २०२१ साली जॉन व्हाइट आणि योहानस राडेबे अंतिम फेरीपर्यंत गेले. मालकांना "लोक स्वीकारत नाहीत" या वाक्यावर हे जरूर ऐकवा. पण तिथे एका वेळी एकच जोडी नाचते, कॅमेरा हातांवर येतो, गोष्ट सांगायला वेळ असतो. तुमची जोडी अकरा जोड्यांच्या गर्दीत असेल.

तेव्हा माझा सल्ला: रुंबातल्या चार अदलाबदलींपैकी तीन काढा. एक ठेवा, पण ती अशी बसवा की पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतल्यासारखी दिसेल.

ती जागा रुंबाने स्वतःच देऊन ठेवली आहे. साध्या बेसिकमध्ये लीडर डावा पाय पुढे टाकतो, फॉलोअर उजवा मागे. एक आवर्तन संपलं की फॉलोअरचा डावा पाय मोकळा असतो आणि तो पुढे जाणार असतो. लीडरचा उजवा मोकळा असतो आणि तो मागे जाणार असतो. म्हणजे त्या क्षणी फॉलोअर बरोबर लीडरच्या सुरुवातीच्या जागी उभा आहे. एकही जादा पाऊल न टाकता, वजन न बदलता लीड पलीकडे जाऊ शकते. दोन आवर्तनांनंतर बदलायला गेलात की पाय उलटे येतात, मग कोणीतरी मध्येच एक चोरटं पाऊल घालतं, आणि ते चोरटं पाऊल फ्लोअरच्या कडेला उभ्या माणसाला बरोबर दिसतं. तुमच्या चारांपैकी किती बदल आधीच्या बदलापासून सम संख्येच्या आवर्तनांवर बसलेत ते मोजा. चा-चातही हाच हिशोब लागू पडतो.

हात कधी फिरवायचे? दोन्ही हातांच्या मोकळ्या पकडीत, चौथ्या मात्रेवर पाऊल बाजूला पडतं तेव्हा. आपल्या भाषेत सांगायचं तर रुंबात समेवर पाऊल नसतं. पाऊल चौथीवर पडतं आणि समेवर कंबर बसते. त्या बसण्याच्या वेळात तळवे उलटून झालेले हवेत. हे दुसऱ्या मात्रेवर गेलं की नवी लीड उशिरा सुरू होते. उलट नव्या लीडरला घाई झाली तर तो समेवरच पाऊल टाकून मोकळा होतो, आणि ताल चुकला की पुढचं काही बघायची गरज परीक्षकाला उरत नाही. सरावात तिसरी चूक हमखास दिसेल: एका आवर्तनापुरते दोघंही लीड करतात, किंवा कोणीच करत नाही. त्यावर उपाय म्हणजे सोडणाऱ्याने आपला ताण आवर्तन संपण्याआधी कमी करायचा नाही, घेणाऱ्याचा ताण हाताला लागल्यावरच सैल करायचा. आणि दोघांनीही हाताकडे बघायचं नाही. नजर खाली गेली की सगळ्यांची नजर तिथेच जाते.

साम्बा आणि पासो फ्लोअरभर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. गर्दीतून वाट काढायची जबाबदारी लीडरची असते, म्हणून त्या दोन नाचांत मधल्या मधे अदलाबदल नको. टक्कर झाली तर बंडाचं कौतुक कोणी करणार नाही.

उंचीचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण वडिलांना जे खटकलं ते कदाचित इथूनच आलं असेल. पाच फूट तीन इंचांची मुलगी पाच फूट दहाच्या मुलाला अलेमाना या फिगरमध्ये हाताखालून वळवते तेव्हा हात त्याच्या डोक्यावर असायला हवा. तो जर त्याच्या कपाळासमोर राहिला तर मुलगा मान खाली घालून, गुडघे वाकवून निसटतो. बघणाऱ्याला हसू येतं, आणि ते हसू भूमिका उलटल्याचं नसतं, वाकण्याचं असतं. आधीच्या आवर्तनात त्याला जवळ आणा, म्हणजे तिचा हात पुढे न पसरता सरळ वर जाईल. तिची बोटं खाली, त्याची बोटं त्याभोवती सैल फिरतील एवढीच पकड. तरीही जमत नसेल तर अलेमाना सोडून द्या. हात सोडून केलेला स्पॉट टर्न (जागेवरची गिरकी), ओपनिंग आउट किंवा क्लोज्ड हिप ट्विस्ट घ्या. पहिल्यात हातच नसतो, बाकीचे दोन पाठीवरच्या हाताने आणि छातीच्या दिशेने चालतात; उंचीशी त्यांचं फारसं घेणं नाही. तिचा उजवा हात त्याच्या खांद्याच्या पात्यावर नीट पोचत नसेल तर पात्याच्या खालच्या कडेला, फासळ्यांच्या बाजूला ठेवू द्या. वर चढवायला गेली की तिचा स्वतःचा खांदा उचलला जातो. ड्रॉपच्या, म्हणजे खाली झुकण्याच्या, पोझमध्ये मुलाने वजन स्वतःच्या उभ्या पायावर ठेवायचं. ती फक्त दिशा देते. लिफ्टला या स्पर्धांत तशीही बंदी असते.

त्याच्या हातांकडे एकदा तटस्थपणे बघा. फॉलो करणारा मुलगा बऱ्याचदा मुलींच्या बोटांची नक्कल करतो, कारण त्याने फॉलोअर म्हणून पाहिल्यात त्या मुलीच. नक्कल नेहमी नक्कलच दिसते. हात पाठीतून निघू दे, कोपरातून जाऊ दे, आणि शेवटी बोटांशी पोचू दे. त्याच्या लांब हातांची रेषा आपोआप त्याची होईल. त्याला वेळ लागेल तो पायांत. हॉकी स्टिक या फिगरमधलं पुढे चालणं आणि एका पायावरचा स्पायरल (पिळदार गिरकी), लीडर म्हणून वाढलेल्या मुलांना हे कमी करावं लागलेलं असतं. रोज दहा मिनिटं, दोन्ही पायांवर, भिंतीला हात न लावता. बुटांचे प्रयोग आता नकोत. त्याची दीड इंचाची टाच आणि तिची अडीच इंचाची, जशी आहे तशीच राहू दे. टाच बदलली की वजनाची जागा बदलते आणि पोटरी कुरकुरायला लागते.

पासोची गोष्ट निराळी आहे. तिथे पुरुष मॅटाडोर आणि बाई त्याची केप, म्हणजे बैलापुढे फिरवायचं कापड, हा अर्थच नाचात भरलेला आहे. तुम्ही मुलगा केप केलात. ठीक. पण केप म्हणजे ज्याला दुसरा फिरवतो ती वस्तू, ही कल्पना तर तशीच राहिली ना? खुर्ची तीच, तिच्यावर बसणारा बदलला. दोघांनाही मॅटाडोर करून पाहा: समोरासमोर, सारखा अपेल (पाय आपटणं), सारखी स्पॅनिश लाइन (ताठ उभं राहण्याची पोझ), आणि बैल मधल्या रिकाम्या जागेत. तुमचा मुख्य क्षण पासोच्या संगीतातल्या तीन ठळक कडकडाटांपैकी पहिल्यावर ठेवा. प्राथमिक फेऱ्यांत संगीत अनेकदा दुसऱ्यावरच थांबवतात. तिसऱ्यासाठी राखून ठेवलेलं कोणाला दिसतच नाही.

हेच रुंबालाही लावून बघा. एका कागदावर ३९ चौकोन काढा आणि प्रत्येकात लिहा: या आवर्तनात कोण जागा कापतंय, कोण खांबासारखं उभं आहे, प्रेक्षकांकडे तोंड कोणाचं. फॅन, हॉकी स्टिक, अलेमाना या सगळ्यांत फॉलोअर फिरतो आणि लीडर जागेवर. शिकवण्याच्या पुस्तकांत प्रत्येक फिगरचे दोन रकाने असतात, पुरुषाचा आणि बाईचा. तुम्ही रकान्यांवरची नावं बदललीत, रकाने तसेच. न्यूयॉर्क, आयदा, स्लायडिंग डोअर्स, क्युबन रॉक्स यांत दोघांना जवळजवळ सारखं काम असतं. असे तुकडे वाढवलेत तर कोणत्याही साडेसात सेकंदांत परीक्षकाला दोन पूर्ण नर्तक दिसतील. मला विचाराल तर साचा मोडण्याचं काम हे तुकडे जास्त करतात, आणि नियमपुस्तकाशी भांडावंही लागत नाही. कॅनडातले ट्रेव्हर कॉप आणि जेफ फॉक्स सतत लीड वाहती ठेवण्याच्या पद्धतीला लिक्विड लीड म्हणतात. रंगमंचासाठी ती फार चांगली आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात होणाऱ्या एप्रिल फॉलीजसारख्या समलिंगी जोड्यांच्या स्पर्धा आहेत. त्या वर्तुळात लीडची अदलाबदल नवलाची नाही. तुमच्या चार अदलाबदलींची रुंबा फेकू नका. तिची जागा वेगळी आहे एवढंच.

मालक परंपरेचं नाव काढतील. काढू द्या. आज स्पर्धेत नाचतो त्या रुंबाचा साचा लंडनच्या शिक्षकांनी घातला. त्यातले प्येर नावाचे शिक्षक १९४७ मध्ये हवानाला गेले, तिथे लोक दुसऱ्या मात्रेवर पाऊल टाकतात हे पाहिलं, परत येऊन शिकवायला लागले, आणि तेव्हाच्या प्रस्थापितांशी त्यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. आज दुसरी मात्रा चुकवली तर मालकच ओरडतील.

आता त्या दोघांकडे. वेगवेगळं बसवा, एकत्र नको. एकमेकांसमोर ते एकमेकांना सांभाळून बोलतील. "तुला चालेल ना?" असं विचारू नका, त्याचं उत्तर शिक्षिकेला नेहमी "हो" असतं. विचारा: प्राथमिक फेरीतच बाहेर पडलात तर यातलं काय पुन्हा कराल, काय टाकाल? कोणता नाच उलटा हवा, कोणता सरळ? पाचही लॅटिन नाच (चा-चा, साम्बा, रुंबा, पासो, जाईव्ह) एकाच पद्धतीने करायला हवेत असं त्यांना वाटत असेल, तर तो गैरसमज तुम्हीच दूर करा. रुंबा तिची लीड, जाईव्ह त्याची, असंही होऊ शकतं. त्यासाठी प्रत्येक नाचाला वेगळा लीडर नोंदवता येतो का, हे त्या ईमेलमध्ये घाला. दोघांपैकी एकजण जरी म्हणाला की मला आत्ता फक्त फायनल गाठायची आहे, तर या स्पर्धेला सरळ रुटीन न्या. त्याने तुमचं बोलणं पोकळ होत नाही. नाच बसवणाऱ्याचं मत नाचणाऱ्याच्या पाठीवर नंबरासारखं टाचायचं नसतं.

नंबरावरून आठवलं, कारण याचा विचार आदल्या रात्रीपर्यंत कोणी करत नाही. नंबर लीडरच्या पाठीवर लागतो. मुलाच्या शर्टाला चार सेफ्टी पिना टोचल्या की काम झालं. मुलीच्या लॅटिन ड्रेसला पाठच नसते. ड्रेसला कातडीच्या रंगाची जाळी आत्ताच शिवून घ्या, कमरेच्या वर, साधारण नंबराच्या कागदापेक्षा दोन बोटं मोठी. त्यावर नंबर लावून एक पूर्ण जाईव्ह नाचून बघा. कडा फडफडत असतील तर आतून दुहेरी टेप लावा. त्याचा हात पकडीत तिच्या दंडावर असतो, तेव्हा बोटांनी कागद ओढला जातोय का तेही पाहा.

राहिले वडील. बालगंधर्वांचं उदाहरण द्यायचा मोह तुम्हाला होईल, मराठी माणसाला तो होतोच. देऊ नका. बालगंधर्व रंगमंचावर स्त्री उभी करत होते. हा मुलगा कोणाचंही सोंग करत नाही, तो पुरुष म्हणूनच नाचतोय, फक्त पुढचं पाऊल कोणतं हे दुसरीकडून ऐकतोय. उदाहरण दिलंत की वडिलांच्या मनातला घोटाळा तुम्ही स्वतःच पक्का कराल. "बायकी नाही हो" असंही म्हणू नका; त्यात बायकी असणं वाईट हे मान्य केल्यासारखं होतं, आणि समोर ती मुलगी उभी असते. त्यांना सरावाला बोलवा आणि मुलाला डोळे मिटून दोन मिनिटं फॉलो करायला सांगा. तिचा हात हलण्याआधी हलायचं नाही आणि हलल्यावर मागे राहायचं नाही. मग वडिलांना मुलीसमोर उभं करा आणि साधं बेसिक फॉलो करून बघा म्हणा, एकच आवर्तन. ते नाही म्हणाले तर आग्रह करू नका. त्यांना काय पटेल ते तुमच्या हातात नाही, आणि मुलगा विशीतला आहे. शेवटचं बोलणं त्या दोघांत होऊ दे.

मालकांशी या आठवड्यात वाद घालू नका. तीन आठवड्यांनी, बदल बसल्यावर, फोन फ्लोअरच्या कडेला छातीच्या उंचीवर ठेवून दीड मिनिटाचा रुंबा चित्रित करा, बाकी दोन-तीन जोड्या मध्ये फिरत असताना. त्या व्हिडिओचे साडेसात सेकंदांचे बारा तुकडे करा आणि कोणतेही तीन मालकांना दाखवा, लीड कोणाची आहे ते न सांगता. विचारा, ताल बरोबर आहे का, पाय पूर्ण होतायत का. मात्र मालकांच्या आधी तो त्या दोघांना दाखवा.